दिलेल्या नावाने नोंद नाही

तारकर्ली, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय ताय,

हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की मामा समोर येऊन बसतो. स्वतः दोन वाक्यांपलीकडे बोलणार नाही, पण फोन ठेवेपर्यंत उठणारही नाही. तुझा बाप तुला माहीतच आहे. म्हणून लोकांचे दाखले-अर्ज बाजूला ठेवून सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर लिहितेय. दुपारी दीड ते तीन इथे कोणी फिरकत नाही.

गणपती गेले, म्हाळ आले. रविवारी भटजी येऊन तिथी सांगून गेले. नेहमीप्रमाणे त्यांनी नावं उतरून घेतली. आजोबा, आजी, तुझी आई, माझे बाबा. मग थांबून मामाकडे बघितलं. मामा जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "औंदा तुळसाचा पान वाढूया."

मी चहा घेऊन दारात उभी. म्हटलं, "आई मेली, असा तुका कोणी सांगला?"

तो जाळं विणतच राहिला. भटजी म्हणाले, इतकी वर्षं वार्ता नसेल तर शास्त्रात सोय आहे. मी म्हटलं, शास्त्रात असेल, माझ्याकडे नाही. जिवंत बाईचं पान या घरात वाढायचं नाही.

ताय, ती तुझी आत्या. मामी गेल्यावर तुझ्या वेण्या पाच वर्षं तिनेच घातल्या. मला तर ती आठवते तीसुद्धा तुकड्यातुकड्याने. मी आठ वर्षांची होते तेव्हा मस्कतला एका म्हाताऱ्या बाईच्या सेवेला गेली. सहा वर्षं महिन्याला एक पत्र. २०१० च्या फेब्रुवारीत शेवटचं. मग काही नाही. गावात म्हणतात, "थंयच दुसरो घरोबो केल्यान." मीही तेच धरून चालले आहे. बाबा मी दोन वर्षांची असताना गेले, तिने दुसरा संसार केला तर त्यात पाप नाही. पण मला कळवायला हवं होतं. राग येतो, आणि राग येतो म्हणून ती आहे असं वाटत राहतं.

तू म्हणाली होतीस, तिकडे परदेशात तुमच्या ऑफिसात देशादेशांच्या सरकारी नोंदी एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था चाललीय आणि त्यात मस्कतही आहे. तू बघशील का? ती आहे की नाही, एवढंच. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, ते मला नको.

किशोरी


टॅलिन, १६ सप्टेंबर २०२५

प्रिय किशू,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि बाहेर जाऊन पुन्हा वाचलं.

मला बघता येणार नाही. का, ते नीट सांगते, म्हणजे टाळतेय असं वाटायला नको.

प्रत्येक देशाची स्वतःची वही असते. जन्म, मृत्यू, लग्न, शाळा, आजार. आम्ही त्या वह्या एकत्र करत नाही. तसं केलं तर कोणाचं खाजगी काही उरणारच नाही. आम्ही फक्त एका वहीने दुसरीला प्रश्न कसा विचारायचा, ते ठरवतो. विचारणाऱ्याला हक्क आहे का, ते आधी तपासलं जातं. उत्तर विचारलं तेवढंच मिळतं. कोणी विचारलं, केव्हा विचारलं, याची नोंद कायमची राहते. मी दुरुस्तीसाठी आत जाऊ शकते, पण आपल्या माणसाचं नाव घेऊन नाही. दाराचं कुलूप बसवणाऱ्याने ते उघडून घरात जाऊन बसायचं नसतं.

आणि दोन वह्यांतलं माणूस एकच आहे हे कधी मानायचं, तो नियम मीच लिहिलाय. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळली पाहिजेत. एक जरी चुकलं तरी उत्तर द्यायचं नाही. कडक आहे, पण मुद्दाम. चाचणीच्या वेळी एका जिवंत माणसाला त्याच नावाच्या दुसऱ्याचा मृत्यूचा दाखला चिकटला होता. ते पुन्हा व्हायला नको.

पण दुसरा रस्ता आहे. ऑक्टोबरपासून निवडक सेवा केंद्रांतून नातेवाइकांना स्वतः अर्ज करता येणार आहे. यादीत सिंधुदुर्ग आहे. तू मुलगी आहेस, तुला हक्क आहे. त्या रस्त्याने विचार.

बाबांना औषधं वेळेवर दे. म्हाळावरून त्यांच्याशी भांडू नकोस.

जान्हवी


तारकर्ली, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताय,

म्हाळ झाले. पान वाढलं नाही. मामा जेवायला बसला आणि अर्ध्या भातावर उठला.

आता बातमी. आमचं केंद्र यादीत आलं. ओरोसला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेले दत्तप्रसाद सर चांगले होते, पण प्रत्येक वाक्यात 'सीमापार' म्हणायचे. कसालचा एक केंद्रवाला मागून म्हणाला, "सर, माझ्या गावातून तहसीलची सीमा पार होत नाय, ह्यां कसां होतलां?" सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष त्या रिकाम्या अर्जावर होतं.

काल पहिला अर्ज माझाच भरला. मयत अथवा बेपत्ता नातेवाइकाची परदेशी नोंद. माझ्या सगळ्या कागदांवर आईचं नाव तुळसा आहे. तरी सवयीने मामाला विचारलं, पासपोर्टवर काय होतं? केंद्रात येणाऱ्या निम्म्या बायकांची माहेरची आणि सासरची नावं वेगळी असतात.

मामा होडीला डांबर लावत होता. म्हणाला, "तुळसाच. दुसरा काय असतला?"

म्हणून बाबांच्या नावासकट 'तुळसा गंगाराम आचरेकर' लिहून पाठवलं. दहा दिवसांत उत्तर येईल.

तुझे फोन हल्ली दोन मिनिटांत संपतात. कामाचा ताण आहे की माझ्या पत्राचा राग आला? आला असेल तर सांग. मी चुकीचं मागितलं हे मला पटलंय.

किशोरी


टॅलिन, १३ ऑक्टोबर २०२५

किशू,

राग कसला? काम आहे.

अर्ज गेला नसता तर बरं झालं असतं. अर्जात तळाला 'इतर माहिती' असा रकाना आहे. तिथे लग्नातलं नाव लिहायला हवं होतं. आत्याचं लग्न झालं तेव्हा तांदळात काय नाव लिहिलं, ते बाबांना पुन्हा एकदा विचार. नीट, समोर बसून विचार.

इथे थंडी सुरू झाली आहे. जास्त लिहीत नाही.

जान्हवी


तारकर्ली, २४ ऑक्टोबर २०२५

ताय, प्रिय ताय,

उत्तर आलं. धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी केंद्र उघडलं आणि स्क्रीनवर दिसलं: "नोंद आढळली नाही."

मी ते कितीदा वाचलं, सांगता येत नाही. मस्कतच्या मृत्यूच्या वहीत माझ्या आईचं नाव नाही. ती आहे. पंधरा वर्षं कोणी म्हणे गेली असेल, कोणी म्हणे विसरली असेल. निदान एक गोष्ट आता सरकारी कागदावर आली.

तुझं नाव घेऊन मामाला लग्नातल्या नावाबद्दलही विचारलं. "आठवत नाय" म्हणाला. आता त्याने काय फरक पडतो?

घरी जाऊन त्याला कागद वाचून दाखवला. त्याने तो हातात घेतला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का ते बघितलं, परत दिला. मग किनाऱ्यावर जाऊन होडीच्या सावलीत बसला. बोलवायला गेले तर म्हणाला, "तू जेव, माका भूक नाय." दिवाळीभर असाच. आनंदाने माणूस असा होतो हे मी पहिल्यांदा बघतेय. बहीण आहे म्हटल्यावर इतक्या वर्षांचं दडपण निघालं असेल.

मी पासपोर्टचा अर्ज केला. पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी येतील. जानेवारीत मस्कतला जाणार. आचऱ्याची अक्षया तिथे दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे आठ दिवस राहता येईल. आईच्या जुन्या पाकिटावर मागे मालकांचा पत्ता आहे. तिथून सुरुवात करीन.

तिला काय विचारायचं ते मी लिहून काढायला लागले आहे. आधी वीस प्रश्न होते. आता पाचच उरलेत. पहिला, तू बरी आहेस ना.

किशोरी


तारकर्ली, १० नोव्हेंबर २०२५

ताय,

सतरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. फोन उचलतेस आणि मामाची तब्येत विचारून ठेवतेस.

पासपोर्ट आला. उद्या तिकीट काढणार आहे. तुला मी जायला नको असेल तर तसं लिही. गप्प राहू नकोस.

किशोरी


टॅलिन, ११ नोव्हेंबर २०२५

किशू,

तिकीट काढू नकोस.

आत्या गेली. ३ मार्च २०१० रोजी, मस्कतच्या एका सरकारी इस्पितळात. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवस शुद्धीवर नव्हती. बेचाळीस वर्षांची होती. नोंदीत तिचं नाव प्रेमलता गंगाराम आचरेकर आहे. जन्मस्थळ तारकर्ली, वडील वासुदेव. तीच आहे, शंका नाही. लग्नात ठेवलेल्या नावावर पासपोर्ट काढला होता आणि त्याच नावाने ती तिथे सहा वर्षं जगली.

आता दुसरं. हे मला १७ सप्टेंबरपासून माहीत आहे. कुलुपाच्या गोष्टी सांगणारं पत्र तुला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मीच कुलूप उघडून आत गेले. आडनाव आणि गाव टाकलं. मिनिटभरात समोर आलं.

तू अर्ज केलास तेव्हा वाटलं, योग्य रस्त्याने तुला कळेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. म्हणून तांदळातल्या नावाचं लिहिलं. पण नाव जुळलं नाही आणि माझ्याच नियमाने तुला सांगितलं की नोंद नाही. एका शब्दासाठी. नियम लिहिताना जगभरच्या चुका डोळ्यांसमोर होत्या. आपल्याकडे बोहल्यावर उभ्या राहिलेल्या बाईचं नावच पुसून दुसरं लिहितात, हे मला सुचलंसुद्धा नाही. माझ्या स्वतःच्या आत्याचं लिहिलं होतं तरी.

दिवाळीतलं तुझं पत्र आलं. ते पाच प्रश्न वाचले आणि तरीही मी गप्प बसले. ते मात्र नियमामुळे नाही. ते माझं.

आज सकाळी वरिष्ठांकडे जाऊन सगळं सांगितलं. माझा प्रवेश बंद केला आहे. चौकशी होईल. ते योग्यच आहे.

नोंदीत एवढंच होतं. लग्नातलं नाव घालून पुन्हा अर्ज कर, दाखला तुझ्या हातात येईल.

तू एकटी असताना हे वाचू नयेस असं वाटत होतं, पण दुसरं कोणाला सांगणार होते.

जान्हवी


तारकर्ली, २ डिसेंबर २०२५

ताय,

दाखला आला. दोन पानं आहेत.

पहिल्या पानावर तू लिहिलंस ते सगळं आहे. दुसऱ्या पानावर एक ओळ आहे: "नातेवाइकांस कळविले: होय. नाते: भाऊ. पोच दिनांक: २२ मार्च २०१०." आणि त्याखाली: "मृतदेह मायदेशी पाठविण्याबाबत उत्तर प्राप्त नाही. अंत्यविधी स्थानिक हिंदू स्मशानभूमीत, ११ एप्रिल २०१०."

तू लिहिलंस, नोंदीत एवढंच होतं. दुसरं पान तू बघितलं नाहीस, असं मी मानू का?

मी दाखला घेऊन घरी गेले. मामा पडवीत कांदा चिरत होता. मी दुसरं पान त्याच्यासमोर ठेवून ती ओळ मोठ्याने वाचली. त्याने सुरी बाजूला ठेवली. हात लुंगीला पुसले.

"व्हय," म्हणाला. "कागद इल्लो. पोस्टात सही करून घेतलंय. इंग्रजी होतो. मालवणात एका वकिलाकडसून वाचून घेतलंय."

"मग?"

"मगे काय. तिका घराकडे हाडूचा काय, ता इचारल्यानी होता. हाडल्यार तुका दाखवूक लागतला होता."

मी दाखला उचलला. त्याने कांद्याची सालं एकत्र केली आणि म्हणाला, "तू चवदा वर्षांचा. रोज पोस्टमनाची वाट बघी होतंस. मीच तिका धाडलंय गो. एजंट मीच शोधलंय. ती नको म्हणी होती. तुका काय सांगू? उद्या सांगतंय, उद्या सांगतंय करता करता तां रवलांच."

"आणि पासपोर्टवरचं नाव?"

"माका कळला, तू इचारतंस तेव्हाच कळला, की खरां नाव सांगल्यार तुका तिची नोंद गावतली. भियालंय."

तो आत गेला आणि कपाटातल्या कागदांखालून एक पाकीट घेऊन आला. भारतीय वकिलातीचं. आतलं पत्र घडीवर फाटलेलं. म्हणजे तो ते काढून बघत असावा. इंग्रजी त्याला वाचता येत नाही. काय बघत असेल?

मी तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाही. जेवण वाढते, औषध ठेवते.

पण ताय, त्याच्यापेक्षा मला दुसरंच खातंय. आईचं शेवटचं पत्र फेब्रुवारीत आलं, ते मी तुला सांगितलं होतं. उत्तर लिहिलं नव्हतं, ते कधीच सांगितलं नाही. ती चतुर्थीला येते म्हणाली होती आणि आली नाही, म्हणून रुसले होते. तिने पत्रात विचारलं होतं, उंची किती झाली, खोलीच्या चौकटीला उभं राहून मोज आणि कळव. मी मोजलीसुद्धा होती. कळवलं नाही. मग ती गप्प झाली तेव्हा वाटलं, ती माझ्यावर उलट रुसली. नंतर वाटलं, विसरली. पंधरा वर्षं मी मेलेल्या बाईवर रागावले.

यातली एक तरी गोष्ट तू आणि मामाने मला वेळेवर सांगितली असती तर.

आणखी एक लिहायचंय आणि ते तुझ्या ऑफिससाठी आहे. "नोंद आढळली नाही" हे वाक्य बदला. मी रोज लोकांना सरकारी वाक्यं वाचून दाखवते. लोक ती अक्षरशः घेतात. मीही घेतलं. तुमच्या यंत्राला आढळली नाही, म्हणजे नाही असं नसतं. तसं लिहा.

किशोरी


टॅलिन, ९ डिसेंबर २०२५

किशू,

दुसरं पान मी बघितलं होतं.

पहिलं पान वाचून मी रडले. दुसरं वाचल्यावर रडू थांबलं. तू दर पत्रात बाबांचं लिहायचीस, जेवले नाहीत, होडीजवळ बसले, आणि मला प्रत्येक ओळीचा अर्थ कळत होता. तू म्हणत होतीस आनंदाने असेल. तुला वाचवतेय असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे बापाला वाचवत होते. कबूल करतानाही त्यांच्यापुरतं झाकून ठेवलं. अर्धं खरं सांगणं हे मी त्यांच्याकडूनच शिकले असेन, पण दोष त्यांच्यावर टाकत नाही.

मार्च २०१० मध्ये मी कुडाळच्या वसतिगृहात होते, बारावीला. बाबा एकदा अचानक भेटायला आले होते. कधी यायचे नाहीत. झाडाखाली बाकावर बसले. म्हणाले, "सहज इलंय." तासभर बसून गेले. मला वाटलं, माझी परीक्षा म्हणून आले. तारीख आठवत नाही. पण आता वाटतं, ते मला सांगायला आले होते आणि मी अभ्यासाचं बोलत राहिले.

त्यांना फोन करावासा वाटतो. नंबर लावते आणि कापते. काय बोलू?

चौकशी झाली. मला या कामातून काढलं आहे, मार्चअखेर नोकरी संपेल. परवानगीशिवाय बघितलं, त्याला ही शिक्षा मला मान्य आहे. सुनावणीत शेवटी विचारलं, काही सांगायचंय का? मी तुझं पत्र मराठीतून वाचलं, मग भाषांतर करून सांगितलं. ते यंत्राच्या वाक्याबद्दलचं, बाकीचं नाही. समितीत फिनलंडच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, लग्नात पहिलं नावही बदलतात? आणि जुनं नाव कुठेच लिहून ठेवत नाहीत? मी म्हटलं, माहेरची माणसं लक्षात ठेवतात.

दोन बदल मंजूर झाले. अर्जात 'पूर्वीची नावे' हा स्वतंत्र रकाना येईल. नाव वेगळं आणि बाकीचं जुळत असेल तर यंत्र परस्पर नाही म्हणणार नाही, माणसाकडे पाठवेल. आणि वाक्य आता असं असेल: "दिलेल्या नावाने नोंद मिळाली नाही. यावरून व्यक्ती हयात आहे किंवा नाही, असा निष्कर्ष काढू नये." मराठी मसुदा मी केला. खटकत असेल तर दुरुस्त करून पाठव, मी पुढे देईन; अंतिम मजकूर आता दुसरं कोणी बघेल.

तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल.

जान्हवी


तारकर्ली, ७ जानेवारी २०२६

प्रिय ताय,

मसुदा ठीक आहे. 'असा निष्कर्ष काढू नये' ऐवजी 'असे समजू नये' लिही. निष्कर्ष कोणाला कळत नाही.

मी मस्कतला जाऊन आले नाही, जाणारही नाही. अक्षया तिथल्या स्मशानभूमीत जाऊन आली. राख ठेवत नाहीत, समुद्रात सोडतात, असं तिथल्या माणसांनी तिला सांगितलं. फोटो पाठवू का विचारत होती. मी नको म्हटलं.

इथे एक काम उरलं होतं. दाखला प्रेमलताचा, माझे कागद तुळसाच्या मुलीचे. ग्रामपंचायतीच्या वहीत आईची नोंद करायची तर या दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र लागतं. तिला जन्मापासून ओळखणारा साक्षीदार लागतो. आजी-आजोबा नाहीत. बाबांकडची माणसं तिला फक्त प्रेमलता म्हणून ओळखत होती, त्यातलंही कोणी उरलं नाही. मी महिनाभर दुसरं नाव शोधत होते. मिळालं नाही.

शनिवारी सकाळी मी मामाला म्हटलं, "माका तुझी सही व्हयी." इतक्या दिवसांतलं माझं पहिलं वाक्य.

तो अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून केंद्रात आला. मी टाइप करत होते, तो समोरच्या लोखंडी खुर्चीवर. मी वाचून दाखवलं: "मी, बाळा वासुदेव कुबल, वय ६७ वर्षे, धंदा मासेमारी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी सख्खी बहीण तुळसा वासुदेव कुबल आणि प्रेमलता गंगाराम आचरेकर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत."

"अजून एक लिही," तो म्हणाला.

"काय?"

"माका बावीस मार्च दोन हजार दहापासून ठाऊक होता, ती गेली ता. आणि मी कोणाक सांगूक नाय."

मी म्हटलं, त्याची गरज नाही. प्रतिज्ञापत्र नावाचं आहे.

"असांदे. खंय तरी लिवलेला असांदे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत नव्हता. मग मी ते वाक्य टाइप केलं. प्रमाण मराठीत केलं, कारण कचेरीत तसंच लागतं: "सदर मृत्यूची माहिती मला दि. २२ मार्च २०१० पासून होती व ती मी तिच्या मुलीपासून लपवून ठेवली." वाचून दाखवलं. "बरोबर," म्हणाला.

सोमवारी एसटीने मालवणला गेलो. तहसीलात क्लार्कबाईंनी कागद वाचला, त्या वाक्यापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, हे काढून टाकलं तरी चालेल. मामा त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलला, जसा तो कचेरीत बोलतो, एकेक शब्द जपून. "नको मॅडम. ते राहू द्या."

त्यांनी विचारलं, "मयत व्यक्तीला आपण कोणत्या नावाने ओळखत होता?"

"घरात तुळसा," तो म्हणाला. "लग्नानंतर चारचौघांत प्रेमलता. मी तिला..." आणि तिथे त्याचं शुद्ध मराठी संपलं. "मी तिका बायो म्हणी होतंय."

हे मलाही माहीत नव्हतं. तुला होतं?

ग्रामपंचायतीच्या वहीत काल नोंद झाली. दोन्ही नावांनी. पुढच्या म्हाळाला भटजींना नाव मी स्वतः सांगेन.

मामाला मी माफ केलं का, मला माहीत नाही. तुलाही केलं का, माहीत नाही. तू मार्चमध्ये मोकळी होशील तेव्हा घरी ये, मग बघू. पण त्याला फोन कर. काय बोलू, असं लिहिलंस. आईबद्दल विचार. ती लहानपणी कशी होती, होडीत बसायची का, कोणावर रुसायची. तो सांगतो. काल संध्याकाळी मला तासभर सांगत होता. ते सगळं ठाऊक असलेलं आता तेवढं एकच माणूस उरलंय.

किशोरी